मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणजे वायर बरोबर? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंडिकेटरचा फॉल्ट कसा शोधायचा, यावरच्या माझ्या लेखाखाली एका भाऊंची प्रतिक्रिया आली. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतो आहे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं असं (फ्लॅशर म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी):

“काहाले एवढं लांबण लावता? मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणजे वायर बरोबर आहे. फ्लॅशर बदला, काम झालं. मी माह्या पिकअपचा बदलला तं इंडिकेटर लगेच सुरू झाला. फ्यूज घडीघडी उडत असन तं मोठा टाकाचा. नाहीतं एलईडी टाका, सारी झंझटच संपते. पुस्तकी लोकाइनं गरिबाचा टाइम खराब करू नये.”

भाऊ, लेख लांब झाला हे मान्य. मोबाइलवर वाचायला तो जड जातो, आणि आकृती तळाशी टाकण्यापेक्षा वर टाकली असती तर बरं झालं असतं. पण तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, ते लपवत नाही. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा. माप दाखवा, रीडिंग द्या. समोरच्याला पुस्तकी म्हणून मोकळं होणं म्हणजे मुद्दा खोडणं नव्हे. माझं घर याच कामावर चालतं. वरुड-मोर्शीकडची संत्र्याची गाडी असो की जिनिंगला कापूस नेणारं पिकअप, डॅशबोर्डखाली आडवं पडून वायर मोजणं हेच माझं रोजचं काम. आणि गरिबाचा टाइम म्हणाल, तर फ्लॅशरचे पैसे देऊन थोड्याच दिवसांत तोच फॉल्ट घेऊन जो परत येतो, त्याचा टाइम कोण भरून देतं?

आता तुमच्या त्या एका वाक्यावर येतो, कारण सगळी गडबड तिथेच आहे: मीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणजे वायर बरोबर.

डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना वायरमधून करंट जवळजवळ घेतच नाही. साधारण मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या आसपास असतो. १२ व्होल्टला त्यातून जाणारा करंट होतो १.२ मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. एवढा करंट उंदराने कुरतडलेल्या वायरच्या उरलेल्या एका तारेतूनही जातो, हिरवा गंज चढलेल्या होल्डरमधूनही जातो. म्हणून मीटर बारा दाखवतो. तो खोटं बोलत नाही, पण बल्बला काय मिळतं आहे, हे तो सांगतच नाही.

इंडिकेटरचा बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि पेटलेला असताना त्याच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स सात ओहमच्या आसपास भरतो. आता होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेत, गंजामुळे फक्त एक ओहम वाढला असं धरा. दीड व्होल्टच्या वर तिथेच खर्च होतो आणि बल्बला साडेदहाच मिळतात. व्होल्टेज आठव्या हिश्श्याने घटलं की फिलामेंटच्या बल्बचा उजेड जवळपास एक तृतीयांश घटतो. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात असला इंडिकेटर मागच्या ट्रॅक्टरवाल्याला दिसतच नाही. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावाल, तर तिथे पुन्हा पूर्ण बाराच येतील. वावरातल्या मोटारीच्या पाइपात गाळ अडकला असला, तरी व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण प्रेशर दाखवतो. व्हॉल्व्ह उघडला की धार किती बारीक आहे ते कळतं. इथेही तसंच.

म्हणून लेखात लिहिलं होतं की बल्ब पेटलेला ठेवून मोजा. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगतो.

मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. बल्ब होल्डरमध्येच राहू द्या, काढू नका. इंडिकेटर उघडझाप करत असला की रीडिंग नाचतं, म्हणून गाडीत वेगळा फ्लॅशर असेल तर तो उपसा आणि त्याच्या सॉकेटमधल्या ४९ आणि ४९ए या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. काही फ्लॅशरवर बी आणि एल लिहिलेलं असतं, तेच ते. तिसरी पिन ३१ किंवा ई ही अर्थची आहे. तिला ४९शी जोडलं तर फ्यूज जाईल, तेव्हा आधी नीट वाचा. आता चावी ऑन करून लिव्हर डावीकडे टाका. डावी बाजू न लुकलुकता सतत पेटायला हवी.

मग लाल प्रोब होल्डरच्या बाहेरच्या कडीला, म्हणजे अर्थच्या बाजूला, आणि काळा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. केबलच्या कडीला नको, बॅटरीच्या खुंटीलाच टेकवा. गाडी लांब असेल तर प्रोबला वायर जोडून घ्या. चांगल्या अर्थला इथे ०.२ व्होल्टच्या आत रीडिंग येतं. अर्धा व्होल्ट आला तर अर्थमध्ये दोष आहे. दीड-दोन आला तर पुढे शोधायची गरजच नाही, अर्थच काढून साफ करा. दुसरं माप सप्लायचं: लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा होल्डरच्या तळाच्या काँटॅक्टला. फ्यूज, चावी, हझार्ड स्विच (चारही इंडिकेटर एकदम लावणारा), कॉम्बी स्विच (इंडिकेटरच्या लिव्हरचा) आणि सगळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) या वाटेत येतात, म्हणून इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर काळा प्रोब एकेक कपलर मागे, बॅटरीकडे, सरकवत आणा. ज्या कपलरच्या अलीकडे रीडिंग एकदम पडतं, दोष त्याच कपलरमध्ये.

मीटर नसेल तर २१ वॉटचाच जुना बल्ब, एक होल्डर आणि दीड-दीड मीटरच्या दोन वायरी घ्या. हा टेस्ट लॅम्प खरा करंट ओढतो, म्हणून सडलेल्या वायरवर तो मिणमिणतो आणि फॉल्ट उघडा पाडतो. फक्त स्टिअरिंगखाली पिवळं कपलर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली, तर तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही. ती एअरबॅगची लाइन असते.

अर्थ नेमका कुठे जातो, हेही सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक गाड्यांचं दुखणं हेच असतं. मागच्या लाइटचं रबर उन्हाने कडक होऊन चिरतं. पावसाळ्यात काळ्या मातीचं पाणी आत शिरतं, वाळतं, आणि होल्डरच्या पितळी कडीवर राखाडी पापुद्रा बसतो. त्याच्याखाली हिरवा गंज. तळाचा स्प्रिंगवाला काँटॅक्ट उष्णतेने मऊ पडतो आणि बल्बच्या बुडाच्या कथलाच्या ठिपक्याला नीट दाबत नाही. तो ठिपका पाहा. बसका, काळपट आणि मधोमध खड्डा पडलेला असेल, तर तिथे ठिणगी पडत होती. बल्बचं बूड आणि कडी दोन्ही बारीक पॉलिश पेपरने घासा, स्प्रिंग पिनेने हलकी वर उचला. नंतर अर्थची लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, बॉडीला जिथे स्क्रूने बसते ती जागा. रंगावरच लग आवळलेली असेल तर ती खरवडून चकाकता पत्रा काढा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग आवळणं, असं करू नका.

झटपट खात्री करायची असेल तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचं एक टोक होल्डरच्या कडीला आणि दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टला टेकवा. उजेड एकदम वाढला तर अर्थच. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकते, तीही याचीच खूण. मागच्या लाइटचा अर्थ तुटला की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो.

आता तुमचा फ्लॅशर. तो बदलल्यावर इंडिकेटर सुरू झाला, हे मी खोटं म्हणत नाही. पण फ्लॅशर उपसून नवा खोचताना सॉकेटच्या पिना घासल्या गेल्या, गंज खरवडला गेला. जुनाच फ्लॅशर दोन-तीन वेळा काढून घातला असता, तरी बऱ्याच गाड्यांत तेच झालं असतं. इंडिकेटर आधी भराभर लुकलुकत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बाजूच्या बल्बांचा एकूण करंट मोजतो: पुढचा २१, मागचा २१ आणि फेंडरवर असेल तर ५ वॉट, मिळून ४७ वॉट, म्हणजे जवळपास चार अँपिअर. एक २१ वॉटचा बल्ब गेला की करंट अर्ध्यावर येतो आणि फ्लॅशर वेग साधारण दुप्पट करून ड्रायव्हरला सांगतो. अर्थ फार सडला तरीही त्याला तसंच वाटतं. म्हणजे भराभर लुकलुकणारा फ्लॅशर बहुधा चांगलाच असतो, तो आपलं काम करतो आहे. त्याच्या जागी करंट न मोजणारा फ्लॅशर बसवलात तर वेग सरळ होईल, पण मागचा बल्ब बंदच राहील, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. जुन्या जीपमधल्या डबीच्या थर्मल फ्लॅशरचं उलटं असतं. त्यात करंट कमी झाला की लुकलुकणं मंदावतं किंवा बल्ब नुसता पेटून राहतो.

फ्लॅशरवर संशय घ्यायच्या आधी हझार्डचं बटण दाबून पाहा. लिव्हरने एक बाजू चालत नाही पण हझार्डला चारही पेटतात, तर दोष कॉम्बी स्विचमध्ये. हझार्ड चालतो पण लिव्हरने दोन्ही बाजू बंद, तर इग्निशनकडून येणारा फ्यूज किंवा हझार्ड स्विचचा आतला काँटॅक्ट, कारण पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्याच स्विचमधून फिरून येतो. हझार्डचं बटण आठ-दहा वेळा दाबल्यावर इंडिकेटर येत-जात असेल तर तोच. एकच बल्ब दोन्ही वेळा बंद, तर बल्ब, होल्डर किंवा अर्थ. यातल्या एकाही ठिकाणी फ्लॅशर बदलून काही होणार नाही. वर सांगितलेल्या पिना जोडल्यावर दोन्ही बाजू पूर्ण उजेडाने पेटल्या आणि फ्लॅशर खोचल्यावर काहीच नाही, तरच तो बदला. तेव्हाही सॉकेटमधल्या ३१ च्या पिनेला अर्थ येतो का, ते आधी बघा. आणि नव्या गाड्यांत फ्लॅशर वेगळा नसतोच, ते काम बीसीएम (गाडीच्या विजेची कामं सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) करतो. तिथे पिना जोडायच्या नाहीत. हझार्ड लावून होल्डरवर टेस्ट लॅम्पनेच पाहायचं.

बाकीच्या दोन गोष्टींवर फार बोलायची माझी इच्छा नाही. फ्यूज उडतो तर मोठा टाका, हा सल्ला तुम्ही जाहीर लिहिलात, याचा मला राग आला आहे. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो वाढवला की आधी वायर तापते, आणि कापसाने भरलेल्या गाडीखाली वायर तापली तर काय होतं, हे मी कापसाच्या मुलखात सांगायची गरज नाही. फ्यूज फक्त डावीकडे वळताना उडत असेल तर फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा आणि डाव्या बाजूचे बल्ब काढून ठेवा. तरीही तो पूर्ण पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. एकेक कपलर सोडवत जा. ज्याला तो विझेल, त्याच्या पलीकडे शॉर्ट. सोयाबीन-कापूस घरात आल्यावर उंदीर फार होतात, तेव्हा पायदानाखालची वायर पहिल्यांदा बघा.

एलईडीने झंझट संपत नाही. तीन-चार वॉटचा एलईडी टाकला की बल्ब गेला असं समजून फ्लॅशर भराभर लुकलुकायला लागतो. मग लोक ६ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर टाकतात. तो पेटल्या वेळी पंचवीस वॉटच्या आसपास उष्णता काढतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो. तो पत्र्यावरच आवळायला लागतो. त्यापेक्षा एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या. सडलेला अर्थ मात्र एलईडीलाही तसाच छळेल.

तुमच्या पिकअपच्या मागच्या दोन्ही इंडिकेटरचं अर्थचं रीडिंग, बल्ब पेटलेला ठेवून, इथे लिहा. दोन्ही ०.२ च्या आत आले तर तुमच्या गाडीत अर्थचा दोष नाही, हे मी याच पानावर लिहीन.