अमावास्येला तरी अंधार ठेवा ना!

आमच्या हौशी आकाशवेड्यांच्या गटाची दर महिन्याला सभा असते. सभेत सगळेच शहाणे. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा (लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही), मोबाइल गाडीतच ठेवा, हे किती वेळा घोकलं. माना डोलतात, तर्री-पोहे संपतात, झालं.

मग येतो अमावास्येजवळचा शनिवार. नागपूरच्या झगमगाटातून सुटायला पन्नासेक किलोमीटर गाडी हाणत रामटेकच्या पुढे एका शेतात जायचं. डिसेंबरची थंडी, दात वाजतायत. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, तेवढी गुमान बसून काढली. देवयानी दीर्घिकेचा (आपल्या शेजारच्या अँड्रोमेडा गॅलेक्सीचा) पुसट डाग नजरेच्या कडेला कुठे जाणवायला लागला होता... आणि भक्कन उजेड! एका काकांना चप्पल सापडत नव्हती. जवळपास 25 लाख वर्षं चालत आलेला प्रकाश, आणि तो वाया गेला चपलेपायी!

"काका, लाइट बंद करा ना जी."

"अरे बाप्पा, दोनच सेकंद तर लावला!"

दोन सेकंद पुरतात हो! आता पुन्हा अर्धा तास बसा. तेवढ्यात दुसरा फुल ब्राइट स्क्रीन दुर्बिणीला चिकटवून शनीचा फोटो काढतो, तिसरा विचारतो, साडेसाती कधी संपते? (याला उत्तर देणं मी सोडलंय.) चौथ्याला घरी जायची घाई, त्याचे हेडलाइट थेट आमच्या तोंडावर.

पुढच्या सभेचा विषय ठरलाय, प्रकाशप्रदूषण. बोलणार आहेत चपलेवाले काका.