पाठदुखी आणि जुनी मोटरसायकल: क्रूझरच्या बाजूने आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाठ दुखत असेल तर जुनी मोटरसायकल घेताना क्रूझर (बुटकी, पाय पुढे ठेवून बसायची गाडी) टाळा आणि चाळीस मिनिटं ट्रायल घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "पाठ दुखणाऱ्याला क्रूझर घेऊ नका सांगणं म्हणजे कमाल आहे. सोफ्यासारखी सीट, पाय पुढे, पाठ ताठ, आणखी काय हवं? आणि चाळीस मिनिटं ट्रायल कोणता मालक देतो?" ट्रायलचा मुद्दा रास्त आहे, त्यावर खाली लिहितो. आधी क्रूझर.

पाय पुढे गेले की धडाचं जवळजवळ सगळं वजन बैठकीवर येतं. खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही, कारण पाय शरीराखाली नसतातच. कंबर मागे कलते, तिचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि धक्का थेट मणक्यांत जातो. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून बऱ्याच क्रूझरच्या मागच्या शॉकअपला हलायला जागाच कमी असते. गुळगुळीत रस्त्यावर ती सोफा वाटते, वाद नाही. रस्ता बिघडला की बसणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

अर्थात सगळ्या पाठी सारख्या नसतात. चकती सरकलेल्यांना पुढे वाकून बसणं सहसा नडतं. मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांना थोडं झुकल्यावर उलट बरं वाटतं. त्यामुळे हँडल किती उंच हवं ते आपल्या निदानावरून ठरवा. फूटरेस्ट मात्र दोघांनाही साधारण बुडाखालीच हवेत. आणि पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल तर गाडी राहू द्या, आधी डॉक्टर.

आता ट्रायल. बसण्याची ढब मॉडेलवर ठरते, धक्के त्या विशिष्ट गाडीच्या अवस्थेवर. म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासा. तेच मॉडेल ओळखीच्या कुणाकडून किंवा भाड्याने घेऊन तासभर चालवा. सीटचा फोम खरा कळायला वीसेक मिनिटं लागतात, पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. मग विकाऊ गाडीला दहा मिनिटंही पुरतात, फक्त ती खराब रस्त्यावर चालवा.

निघण्याआधी टायरची हवा गेजने मोजा. हवा कमी ठेवली की कडक शॉकअपही मऊ भासतात. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

मग गाडी स्टँडवरून उतरवून शेपटाकडून जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअपचं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, संपलंय. बदलायचे तर जोडीनेच बदला. पुढच्या फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) चकचकीत नळीवरून बोट फिरवा. तेलाचा ओशटपणा म्हणजे ऑइल सील गेलं. गंजाचे खड्डे लागले तर नवं सीलही टिकणार नाही. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडखळलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खराब. डबल स्टँडवर मागचं चाक आडवं हलवा. खडखड आली तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत.

इथे पाठवाले हमखास एक घोळ घालतात. गॅरेजमध्ये जाऊन "सगळ्यात मऊ करून दे" म्हणतात. प्रीलोडची कडी (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) खालच्या खाचेत नेल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, गाडी फक्त जास्त खाली दबते. मग खड्ड्यासाठी जागा उरत नाही आणि शॉकअप तळाला आपटतो. पाठीला तोच फटका सगळ्यात वाईट. त्यापेक्षा मोजा: मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून शेपटावरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या, मग गाडी जमिनीवर ठेवून, तुम्ही वर बसून पुन्हा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका हवा, म्हणजे १०० मिमी असेल तर ३० च्या आसपास. जोडशॉकअप असतील तर दोन्ही बाजूंची खाच एकच ठेवा.

हँडल उंच करायला रायझर (हँडलखालचे ठोकळे) बसवले तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. लांब केबल घातल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. जेलच्या गाद्यांचा मोह टाळा. फार मऊ गादीत बूड रुतून कंबर पुन्हा मागेच कलते. दबून गेलेला फोम बदलून घट्ट फोम, सीट सपाट, एवढं पुष्कळ.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, "जड गाडी धक्के कमी देते". चालताना यात तथ्य आहे. पण पाठ बऱ्याचदा पार्किंगमध्ये धरते, गाडी मागे ओढताना आणि डबल स्टँडवर घेताना. तेव्हा विकत घेण्याआधी मालकासमोरच ती डबल स्टँडवर घ्या: स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवा, पाठ सरळ ठेवा आणि हाताने न उचलता पूर्ण वजन पायाने स्टँडवर टाका. तरीही चढत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी जड आहे, चालवायला कितीही मऊ असली तरी.