किलिमांजारोच्या पाटांचं पाणी

शिखरावरचा बर्फ वितळला की किलिमांजारोच्या उतारावरची शेती कोरडी पडेल आणि तिथले शेतकरी पाणी उधळतात, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. टांझानियातल्या या डोंगराचं बहुतेक पाणी मधल्या जंगलपट्ट्यातल्या पावसाचं. बर्फाचा वाटा अगदी किरकोळ. काळजी करायची तर तिथल्या वृक्षतोडीची आणि वणव्यांची करा! उतारावर राहणाऱ्या चग्गा समाजाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांवरून मातीचे पाट काढलेत. पाणी पाळीने मिळतं. रात्रीचं पाणी छोट्या तळ्यात अडवायचं, सकाळी केळी-कॉफीच्या बागेत सोडायचं. पाटात बरंच पाणी मुरतं, हे खरंय. पण गाळ काढायला गावकरी एकत्र येतात, म्हणून तर ते टिकलेत. खाली पायथ्याच्या मोशी शहराजवळच्या भातालाही पाणी हवंच, पण त्यासाठी वरच्या शेतकऱ्यांना उधळे ठरवणं साफ चूक आहे.