पुलमन, मॉस्को आणि केबलचा डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पॅक-१२ ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे करार एकत्र करणाऱ्या विद्यापीठांचा गट) कशी मोडली आणि त्यात माझं पुलमनचं विद्यापीठ, वॉशिंग्टन स्टेट, कसं मागे राहिलं यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही डॅलसहून भलीमोठी प्रतिक्रिया पाठवलीत. उत्तर लिहायला बसलो तर तेही लांबत गेलं, म्हणून ते वेगळंच टाकतो.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा, शक्यतो तुमच्याच धारेने. माझा लेख म्हणजे एका माजी विद्यार्थ्याचं रडगाणं. १९५९ साली हीच कॉन्फरन्स एकदा फुटली होती, ते मी सोयीस्करपणे गाळलं. पॅक-१२ स्वतःच्या कर्माने बुडाली. १९८४ मध्ये कोर्टानेच टीव्हीचा बाजार मोकळा केला. त्या बाजारात ज्याला भाव नाही तो मागे पडणार, त्यात अन्याय कसला? शिवाय आता खेळाडूंना पैसे मिळतायत. आयपीएलने आपल्या पोरांचं भलंच केलं ना?

रडगाण्याचा आरोप मान्य. त्याचं कारण पुढे येईल.

१९५९ चं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. "अखंड १०८ वर्षं" असं मी लिहिलं होतं, त्यातलं अखंड चूक आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेली पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे पॅक-१२ चं मूळ रूप, १९५९ मध्ये बंद झाली. वॉशिंग्टन (सिॲटलची), यूसीएलए, यूएससी आणि कॅल (म्हणजे बर्कली) या चौघांकडे खेळाडूंना चोरून पैसे पुरवायचे गुप्त फंड सापडले होते. पण गंमत बघा. नवी चूल मांडली ती याच चौघांनी, सोबत स्टॅनफर्डला घेऊन. बाहेर राहिले वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन, ओरेगन स्टेट आणि आयडाहो. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये परत घेतलं, दोन्ही ओरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच नाही. म्हणजे ही गोष्ट मी लपवून माझा फायदा होण्यासारखा नव्हता; उलट सांगितली असती तर माझी बाजू भक्कम झाली असती. आळस नडला.

पॅक-१२ ने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला हेही खरं. २०१० मध्ये ती स्वतःच शिकारी होती. टेक्सास, ओक्लाहोमा आणि आणखी चार टीम बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्समधून उचलायचा तिचा डाव होता आणि तो थोडक्यात हुकला. २०१२ मध्ये स्वतःच्या मालकीचं टीव्ही नेटवर्क काढलं, ते डायरेक्टटीव्ही या मोठ्या डिश कंपनीवर शेवटपर्यंत आलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑफिसचं भाडं ऐकून तर मुंबईकरालाही घाम फुटावा. २०२२ मध्ये ईएसपीएन या खेळांच्या चॅनलने प्रत्येक टीममागे वर्षाला ३ कोटी डॉलर देऊ केले आणि यांनी ५ कोटी मागितले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. हाताशी काय उरलं? ॲपलचा प्रस्ताव, ज्यात किती लोक वर्गणी भरतील यावर पैसे ठरणार होते. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच टीम निघून गेल्या. या कारभाराची बाजू मी घेणार नाही.

आता बाजार. इथे मात्र माझं तुमच्याशी खरंखुरं भांडण आहे.

१९८४ चा निकाल मलाही पटतो. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेवर केस केली होती, कारण कुठलीही टीम दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसता कामा नये असा नियम होता. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तो मोडीत काढला. विरोधात लिहिलं ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, जे स्वतः एकेकाळी कोलोरॅडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. पण त्यातून जो आला तो बाजार म्हणजे आपल्या मंडईसारखा, माल आवडला तर पैसे टाका असा नव्हता. तो केबलचा बाजार होता.

२००७ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सने स्वतःचं चॅनल सुरू केलं. ज्या राज्यात कॉन्फरन्सची टीम, तिथे प्रत्येक केबलच्या घरामागे महिन्याला साधारण एक डॉलर. बाहेरच्या राज्यांत काही सेंट. घरात फुटबॉलवेडा मुलगा असो की दिवसभर स्वयंपाकाचे कार्यक्रम लावणाऱ्या आजी, डॉलर बिलात लागणारच. पॅकेजमध्ये कुठली कुठली चॅनेल गळ्यात मारणारा आपल्याकडचा केबलवाला आठवा, म्हणजे वेगळं समजवायला नको. मग कॉन्फरन्सने नकाशा पुढे घेतला आणि विचारलं, जास्त डबे कुठे आहेत? २०१२ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांना बोलावणं गेलं, २०१४ मध्ये त्या आल्या. एकीच्या जवळ वॉशिंग्टन डीसी, दुसरीच्या जवळ न्यूयॉर्क. रटगर्सचं फुटबॉल म्हणाल, तर देशातली पहिली कॉलेज मॅच १८६९ मध्ये रटगर्सने प्रिन्स्टनविरुद्ध जिंकली, आणि तेव्हापासून आम्ही दुसऱ्या विजयाची वाट बघतोय, असं न्यू जर्सीतला माझा एक मित्र म्हणतो. (त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो चिडका आहे.)

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, बहुधा तुम्हीही त्यातले एक असाल. लोकांनी केबल कापली. २०११ च्या सुमारास ईएसपीएन अमेरिकेतल्या १० कोटी घरांत होतं, २०२४ पर्यंत ते ७ कोटींच्या खाली आलं. ज्या डब्याकडे बघून सोयरीक जमवली तो अडगळीत गेला, पण संसार चालू आहे. रटगर्स आजही बिग टेनमध्येच आहे. २०२२-२३ पर्यंत तर कसोटीच बदलली होती. आता घरं मोजत नाहीत, देशभरातून प्रत्यक्ष बघणारी माणसं मोजतात. त्याच नियमाने ओरेगन पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये गेलं, कारण यूजीन गाव लहान असलं तरी नायकेच्या फिल नाइट यांच्या पैशावर टीमचं नाव देशभर झालेलं. मला खुपतं ते हे. परीक्षेचा पेपर दर दहा वर्षांनी बदलतो, पण एकदा नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नाहीत.

तुमच्याच डॅलसमधल्या एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला) विचारा. १९९६ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली तेव्हा टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर बिग १२ मध्ये गेले. एसएमयू, टीसीयू, राइस, ह्यूस्टन मागे राहिले. एसएमयूला मोठ्या पंगतीत परत पान मिळायला २०२४ उजाडलं, आणि तेही टीव्हीच्या पैशांवर नऊ वर्षं पाणी सोडून. डॅलसची टीम, कॉन्फरन्सचं नाव अटलांटिक कोस्ट, आणि शेजारच्या पानावर कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड!

बाजारात खर्च कोण भरतं हाही प्रश्न आहेच. फुटबॉलची टीम चार्टर विमानाने जाते, सीझनमध्ये बाहेरगावच्या चार-पाच मॅच. पण यूसीएलएच्या व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलीही टीमबरोबर बिग टेनमध्ये गेल्या. लॉस एंजेलिस ते रटगर्स सुमारे ४,००० किलोमीटर. कन्याकुमारीहून श्रीनगर याहून जवळ आहे! त्या मुलींनी कुठला टीव्ही करार मागितला होता? यूसीएलए आणि बर्कली या एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा. धाकटी श्रीमंत घरी गेल्याने थोरलीचं नुकसान झालं, हे त्यांच्या विश्वस्तांनाच इतकं पटलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं त्यांनी ठरवलं. घटस्फोटातल्या पोटगीसारखंच (इंग्रजीत ॲलिमनी), म्हणून गमतीने तिथे त्याला "कॅलिमनी" म्हणतात.

खेळाडूंच्या पैशांबद्दल थोडक्यात. ते मिळतायत याचा आनंदच आहे, फार उशिरा मिळतायत. पण क्रम बघा. यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये उडी मारायचं जाहीर केलं जून २०२२ मध्ये, आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट वाटा देता येईल असा कोर्टाचा समझोता मंजूर झाला जून २०२५ मध्ये. मधल्या काळात टीव्हीच्या पैशातला थेट पगार खेळाडूला देणं नियमातच बसत नव्हतं. पैसे कुठे जात होते? तुमच्या टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशर यांना घरी पाठवताना ७.५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. न शिकवण्याचे!

आणि आयपीएलचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. आयपीएल वेगळी काढली, दोन महिन्यांची. मुंबईला रणजीतून उचलून कॅरिबियन लीगमध्ये टाकलं नाही, आणि मुंबईच्या खो-खोच्या मुलींना बार्बाडोसला जा म्हणाले नाहीत. (रणजीचे हाल हा वेगळा विषय, त्यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे.) इथेही फुटबॉल तेवढं वेगळं काढून बाकीचे खेळ शेजारपाजारी ठेवता आले असते.

आता रडगाणं. मी २००८ मध्ये पुलमनला एमएस करत होतो. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, गव्हाच्या टेकड्यांत वसलेलं गाव. विद्यापीठाची डेअरी टिनच्या डब्यात भरून चीज विकते ही तिथली मोठी ओळख. त्या वर्षी आमची टीम १३ पैकी ११ मॅच हरली. सिॲटलची वॉशिंग्टन, आमचे जानी दुश्मन, तर सगळ्याच हरत आलेली. नोव्हेंबरात दोघांची ॲपल कप मॅच झाली. देशातल्या सगळ्यात वाईट दोन टीम, असं पेपरवालेही लिहीत होते. मी, एक नाशिकचा आणि एक कोल्हापूरचा, तिघे दोन-दोन स्वेटर घालून गेलो. नियम निम्मेच कळत होते. डबल ओव्हरटाइममध्ये आम्ही १६-१३ जिंकलो, आणि शेजारची एक अनोळखी आजी माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्या घरी केबल होती की नाही कोण जाणे.

आमच्या विद्यापीठाचा झेंडा २००३ पासून ईएसपीएनच्या "कॉलेज गेमडे" कार्यक्रमात दर आठवड्याला फडकतो, कार्यक्रम कुठल्याही गावात असो. माजी विद्यार्थी एकमेकांना पाठवून तो फडकत ठेवतात. २०१८ मध्ये कार्यक्रमच पुलमनला आला, त्या दिवशी आम्ही ओरेगनला ३४-२० हरवलं, आणि सीझनमध्ये १३ पैकी ११ जिंकलो. टीव्हीवर वीस वर्षं दर शनिवारी दिसणारा झेंडा २०२३ मध्ये टीव्हीच्या हिशेबात मात्र धरला गेला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मला लागलं. "आयडाहोसाठी तुमच्यापैकी कोण रडलं होतं?" कोणीच नाही. ते विद्यापीठ मॉस्को नावाच्या गावात, पुलमनपासून १३ किलोमीटरवर. आम्ही तिकडे खरेदीला जायचो, आणि त्यांचं फुटबॉल हा आमच्यात चेष्टेचा विषय होता. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला एकदा सांगितलं होतं की पूर्वी हरलेल्या विद्यापीठाची पोरं जिंकलेल्याच्या गावापर्यंत चालत जायची, आणि १९५४ मध्ये आयडाहो जिंकलं तेव्हा पुलमनहून दोनेक हजार मुलं चालत आली होती. मी तेव्हा मान डोलावली आणि तांदळाची गोणी उचलून निघालो.

२०२५ चा सीझन आमच्या टीमने पुलमनमध्ये आयडाहोविरुद्धच सुरू केला. १३-१०, अगदी थोडक्यात वाचलो.