एक नळी आणि दोन पक्ष

आमच्याकडे नळाला पाणी सव्वासहाला येतं आणि सातला जातं. आजव्याचं पाणी. सयाजीरावांनी तो तलाव बांधला तेव्हा बडोद्यात टेनामेंट, म्हणजे एकाला एक लागून असलेली छोटी घरं, हा प्रकार निघालेला नव्हता, नाहीतर महाराजांनी सुनांसाठी पंधरा मिनिटं वाढवून ठेवली असती. या पाऊण तासात टाकी भरायची, पिण्याचं भरायचं आणि अंगणातल्या दोन पक्षांना पाणी घालायचं. एक पक्ष नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा : कडुनिंब. दुसरा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा : मेथी. नळी एकच, आणि ती धरणारी मी.

अंगण म्हणजे झांप्यापासून (इकडे फाटकाला झांपा म्हणतात) ओटल्यापर्यंत पंधरा फूट, रुंदीला स्कूटर वळेल एवढं. त्यात 2017 च्या जुलैत नानांनी दोन फूट खोल खड्डा खणून, शेणखत घालून हातभर उंचीचं रोप लावलं. त्याच आठवड्यात आईंनी आखून ठेवलं, "इथे माझा वाफा." तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. कडुलिंबाची सावली त्या वेळी मिटलेल्या छत्रीएवढी पडत होती.

रोज सकाळी ओटल्यावरून नाना सुरू होतात. "अगं, झाडाला असं वरवर शिंपडू नये. आठवड्यातून एकदा घाल, पण आळं भरून. पाणी खोल गेलं की मुळं त्याच्या मागोमाग खाली जातात. रोज थोडं थोडं दिलंस तर वरच बसून राहतील, आपल्या चिरंजीवांसारखी." चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, त्या वेळी आत घोरत असतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई. "मेथीवर नळी सोडू नकोस हं! बी वाहून जाईल. झारीनं घाल. रोज. तिची मुळं वीतभर नाहीत, वरची माती वाळली की मान टाकते."

दोघांचंही बरोबर असतं, हेच माझं दुखणं आहे. पहिल्या वर्षी मी गडबडीत पथ्यं उलटी केली. मेथीला आठवड्याचं पाणी एकदम मिळालं, ती पिवळी पडून सडली. लिंबाला रोज झारीभर मिळालं, आणि तो जगला. पण नानांच्या मते त्याच्या स्वभावात जो उथळपणा आला तो अजून गेलेला नाही. आता झाड गच्चीच्या वर गेलंय, त्याला माझ्या पाण्याची काडीइतकी गरज नाही. पण नाना रविवारी आळं भरून घेतात. म्हणतात, सवय मोडू नये. झाडाची की माझी, ते सांगत नाहीत.

लिंबाशी माझं तसं जुनं वैर आहे. मी सांगलीची. लग्नानंतर महिनाभरात शेजारच्या बेननी कढी शिकवली आणि म्हणाल्या, "ऊपरथी लीमडो नाखजो," म्हणजे वरून लिंब घाला. आमच्या कोपऱ्यावर लिंबाचं झाड होतंच. त्याची दहा-बारा पानं मी तुपात तडतडवली. इकडे स्वयंपाकात लीमडो म्हणजे मीठो लीमडो, म्हणजे कढीपत्ता, हे मला त्या कढीचा पहिला घोट नानांनी घेतल्यावर समजलं. नानांनी मात्र वाटी संपवली. "रक्त शुद्ध होतं," म्हणाले. अंगणात लिंबच लावायचा हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं असा आईंचा संशय आहे, आणि त्यामुळे मेथीच्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ अखेर माझ्या कढीत निघतं.

दोन पक्षांचा स्वभावच वेगळा. मेथीचा सगळा संसार तीस दिवसांचा. पेरली, उगवली, उपटली, परतली. दिवाळीनंतर थंडी पडली की आई रात्रभर भिजवलेले दाणे टाकतात, वर गोणपाट अंथरतात आणि तिसऱ्या दिवसापासून चष्मा लावून वाफ्याशी उकिडव्या बसतात. कोंब वाकलेल्या मानेनं वर येतो, डोक्यावर दाण्याचं साल टोपीसारखं अडकलेलं. ती टोपी आपोआप पडते. पण आई धीर न धरता करंगळीच्या नखानं दोन-चार टोप्या उडवतातच.

नानांनी लिंबाखाली पहिल्यांदा खुर्ची टाकली ती पाचव्या वर्षी. तोवर मेथीच्या वीसेक पिढ्या आमच्या पोटात गेल्या होत्या, हे आई अजून ऐकवतात.

आणि त्याच पाचव्या वर्षी भांडण पेटलं. मेथीला पाच-सहा तास स्वच्छ ऊन लागतं. सावलीत ती मरत नाही, पण वाईट वळणाला लागते. देठ लांब, पानं फिकी आणि विरळ, सगळी झांप्याकडे झुकलेली. बस चुकलेला माणूस रस्त्याकडे मान लांब करून बघतो तशी. आईंनी वाफा फूटभर पुढे सरकवला. पुढच्या वर्षी सावली फूटभर पुढे आली. असं करत करत वाफा आता झांप्याला टेकलाय, आणि दूधवाल्याला मेथी ओलांडून यावं लागतं.

मध्यस्थीचे प्रयत्न झाले. "आई, अळू लावू. त्याला सावली चालते, पाणी चोकडीचं, म्हणजे भांडी घासायच्या मोरीचं, मिळेल." नाना म्हणाले, घसा खाजतो. विषय संपला.

मग वाद इतिहासात शिरला. नाना म्हणाले, 812 सालच्या ताम्रपटात या गावाचं नाव वडपद्रक आहे. बाराशे वर्षं हे गाव झाडाच्या नावानं ओळखलं जातंय, भाजीच्या नाही. आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आपल्याच गावातली ती वस्ती, तांदलजा, कुठल्या झाडाचं नाव? आणि कारेलीबाग?" नाना पेपर उघडून बसले.

खरं तर दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. मेथीवर माव्याची कीड पडली की आई गुपचूप निंबोळ्या ठेचून रात्रभर पाण्यात भिजवतात आणि फडक्यातून गाळून फवारतात. नाना विचारतात, "कुठल्या झाडाच्या?" आईंना तेव्हा ऐकू कमी येतं. उलट मेथीच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, तेव्हा भाजी कापून मुळं मातीतच सोडा, हे नानांनी कुठेतरी वाचलं. आता तेच आईंना सांगतात, "उपटू नकोस, काप." आई उपटतात.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी गल्लीत आली. दोन दिवस गुडघाभर पाणी, आणि मगर दिसल्याची बातमी दर तासाला नवी. नाना गच्चीवरून सारखे झाडाकडे बघत होते, कारण लिंबाला तहान चालते, पण मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही. पाणी ओसरलं, लिंबानं थोडी पानं टाकली आणि सावरला. वाफ्यावर मात्र बोटभर गाळ बसला होता. त्या थंडीत मेथी अशी आली की अख्ख्या सोसायटीत जुड्या वाटल्या. "नदी आली ती माझ्याकडे," आई म्हणाल्या. आमचा फ्रिज त्याच नदीनं खराब केला, पण तो विषय मी काढला नाही.

सध्या तिसरा पक्ष उगवलाय. गच्चीच्या कठड्याच्या फटीत, पक्ष्याच्या कृपेनं, वडाचं रोप. ना माती, ना खत, ना झारी. चकचकीत सहा पानं. तो भिंत फोडणार, काढायला हवा, हे सगळ्यांना पटतं. पण नाना म्हणतात, "गावाचं दैवत आहे, राहू दे दोन दिवस." या दोन दिवसांना आता आठ महिने झाले.

परवा डिसेंबरातली सकाळ. नळी गुंडाळत होते. थंडी चांगलीच होती. सावलीसाठी आठ वर्षं झाड वाढवणाऱ्या नानांनी लिंबाखालची खुर्ची उचलली, अंगणात उन्हाचा जो एकच तुकडा उरलाय तिथे, झांप्याशी आणून ठेवली, आणि पेपर पूर्ण उघडून बसले. वाफ्यावर काळोख.

आई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, जरा सावली हलवा."

नानांनी मान वर करून लिंबाकडे पाहिलं. "तो कसा हलणार?"

"लिंब नाही हो. तुम्ही."