जर्मन दरबारातला संगीतप्रमुख हा घरगडी नव्हता

युरोपातल्या दरबारी संगीतकारांबद्दलचा एक मजकूर समाजमाध्यमांवर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मन राजेरजवाडे संगीतकारांना घरगडी समजत. त्यांना स्वयंपाक्यांच्या पंगतीत जेवायला बसवत. बाखने नोकरी सोडतो म्हटलं तर त्याला तुरुंगात टाकलं, मोझार्टला लाथ घातली, हायडनची तीस वर्षं गुलामीत गेली. शेवटी बीथोवनने दरबार झुगारला आणि ही व्यवस्था संपली.

यातला जवळपास प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे खरा आहे, म्हणून तर तो लोकांना पटतो. पण वेगवेगळ्या हुद्द्यांवरच्या माणसांच्या गोष्टी एकत्र शिवून त्यावर "कापेलमाइस्टर" अशी एकच पाटी लावली आहे, आणि ही पाटी खोटी आहे. कापेलमाइस्टर म्हणजे दरबाराच्या संगीत खात्याचा प्रमुख. गायक-वादक निवडणं, तालमी घेणं, प्रार्थनेपासून ऑपेरापर्यंत लागेल ते संगीत रचणं, वाद्यांची देखभाल, वादकांची भांडणं मिटवणं, हे सगळं त्याच्याकडे. आपल्याकडच्या संस्थानात एखादा खातेप्रमुख असे, तसाच त्याचा मान आणि तशीच त्याची बांधिलकी. म्युनिकच्या बव्हेरियन दरबारात हे पद सांभाळणाऱ्या ऑर्लांडो दि लासोला सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनने 1570 साली सरदारकी दिली. घरगड्याला कोणी सरदारकी देत नाही.

"स्वयंपाक्यांच्या पंगतीत बसवत."

ही गोष्ट मोझार्टची. 1781 च्या मार्चमध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपने, म्हणजे तिथला धर्मगुरू आणि राज्यकर्ता असलेल्या त्याच्या मालकाने, त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतलं, तिथून त्याने वडिलांना पत्रात कळवलं की जेवणाच्या टेबलावर खासगी नोकर वरच्या जागी बसतात आणि आपली जागा निदान स्वयंपाक्यांच्या वर तरी आहे. अपमान खराच होता. जूनमध्ये आर्चबिशपचा अधिकारी काउंट आर्को याने त्याला लाथ घालून बाहेर काढलं, हेही खरं. पण तेव्हा मोझार्ट दरबाराचा ऑर्गनवादक होता. साल्झबर्गचं कापेलमाइस्टरपद त्याला कधीच मिळालं नाही, आणि त्याचे वडील लिओपोल्ड 1763 पासून उपप्रमुखच राहिले. जे पद हाताला लागलं नाही, त्याचा जाच म्हणून ही गोष्ट कशी सांगायची?

आणि पुढे काय झालं तेही बघा. 1787 च्या डिसेंबरात मोझार्टने सम्राट दुसऱ्या जोसेफची दरबारी नेमणूक घेतली, वर्षाला 800 गुल्डनवर (गुल्डन हे तिथलं नाणं). 1790 मध्ये त्याने व्हिएन्ना दरबारात दुय्यम कापेलमाइस्टरच्या जागेसाठी अर्ज केला. 1791 मध्ये सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या कापेलमाइस्टरचा बिनपगारी मदतनीस व्हायलाही तो तयार झाला, पुढे ती जागा आपल्याला मिळेल या आशेवर. लाथ खाल्लेला माणूस त्या पदाच्या मागे होता, कारण त्याला त्या पदाची किंमत ठाऊक होती.

"बाखला तुरुंगात टाकलं."

टाकलं. 6 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर 1717, वायमारमध्ये. पण का, हे मजकुरात येत नाही. वायमारचा वृद्ध कापेलमाइस्टर ड्रेसे 1716 च्या अखेरीस वारला आणि जागा त्याच्या मुलाला गेली. बाख तिथे कॉन्सर्टमाइस्टर, म्हणजे वादकांचा म्होरक्या होता, त्याने क्योथेनच्या दरबारात कापेलमाइस्टरपद स्वीकारलं आणि वायमारकडे सुटका मागण्याचा हट्ट धरला. म्हणजे तो तुरुंगात गेला ते कापेलमाइस्टर व्हायला निघाला होता म्हणून. क्योथेनमध्ये त्याला वर्षाला 400 थालर (चांदीची नाणी) मिळाले. राजपुत्र लिओपोल्ड स्वतः वाजवणारा होता आणि 1718 मध्ये जन्मलेल्या बाखच्या मुलाचा तो धर्मपिता झाला. त्या मुलाचं नावही लिओपोल्ड आउगुस्ट ठेवलं.

1723 मध्ये बाख लाइप्झिगला कँटर, म्हणजे चर्च आणि शाळेच्या संगीताचा प्रमुख म्हणून गेला. तिथे मालक राजा नव्हता, नगरपालिका होती. ऑक्टोबर 1730 मध्ये त्याने जुना मित्र एर्डमान याला पत्र लिहिलं: कापेलमाइस्टरचा कँटर होणं आपल्याला आधी मुळीच योग्य वाटलं नव्हतं, आणि इथले वरिष्ठ विचित्र आहेत, त्यांना संगीताची फारशी आस्था नाही. तीन वर्षांनी त्याने ड्रेस्डेनच्या इलेक्टरला (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजाला) एका मासचे, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीसाठीच्या संगीताचे, दोन भाग पाठवून दरबारी किताब मागितला. 1736 मध्ये तो मिळाला. नागरी नोकरीच्या कटकटीत त्याला आधार हवा होता तो दरबाराचा.

"हायडनची तीस वर्षं गुलामीत गेली."

इथे थांबून त्याचा करारच वाचायला हवा. तारीख 1 मे 1761, मालक राजपुत्र पॉल आंटोन एस्टरहाझी. ठरावीक गणवेश, पांढरे मोजे, पावडर लावलेले केस. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहून आज संगीत हवं का, ते विचारायचं. रचना बाहेर नकलायला द्यायच्या नाहीत, परवानगीशिवाय दुसऱ्या कोणासाठी रचायचं नाही. हे कलम सर्वांत जाचक, यात शंका नाही.

पण त्याच कागदावर असंही आहे की त्याला घरातला अधिकारी मानावं. जेवण अधिकाऱ्यांच्या टेबलावर, नाहीतर रोजचा अर्धा गुल्डन भत्ता. पगार वर्षाला 400 गुल्डन. मुदत तीन वर्षांची, सोडायचं असेल तर सहा महिने आधी कळवायचं. गायिकांना शिकवायची जबाबदारी त्याची, व्हिएन्नात शिकलेलं त्या खेड्यात विसरू नयेत म्हणून. ही उपप्रमुखाची नेमणूक होती. म्हातारा वेर्नर 1766 मध्ये गेल्यावर हायडन पूर्ण प्रमुख झाला. 1779 च्या नव्या करारातून ते जाचक कलम गेलं आणि लगेच पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या आर्टारियाकडून त्याच्या रचना छापून येऊ लागल्या. त्याचं घर दोनदा जळालं, दोन्ही वेळा पॉल आंटोननंतर गादीवर आलेल्या राजपुत्र निकोलाउसने बांधून दिलं.

हायडनने "गुलाम" हा शब्द वापरला आहे, तो लपवून चालणार नाही. 1790 च्या जूनमध्ये व्हिएन्नातल्या मारिआने फॉन गेन्झिंगर या मैत्रिणीला त्याने लिहिलं, सतत गुलाम असणं दुःखाचं आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिहिलं होतं की परतल्यावर आपण संगीतप्रमुख आहोत की संगीताचे नोकर, तेच तीन दिवस कळेना. एस्टरहाझा या राजपुत्राच्या आडगावच्या महालातल्या एकांताला तो कंटाळला होता, ऑपेराच्या कामाखाली पिचला होता. एकट्या 1786 सालात तिथे ऑपेराचे 125 प्रयोग झाले. पण म्हातारपणी चरित्रकार ग्रीसिंगरला त्यानेच सांगितलं की वाद्यवृंद हाताशी असल्याने मला प्रयोग करता आले, काय परिणाम होतो ते पाहून सुधारता, वाढवता, छाटता आलं, आणि जगापासून दूर असल्याने मला स्वतंत्र व्हावंच लागलं. दोन्ही बोल त्याचेच. एकच उचलणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरा जाच कुठे होता, ते या मजकुरात आलेलंच नाही, आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं. कापेलमाइस्टर हाइनरिख श्युट्झ 1672 पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ, ड्रेस्डेनच्या सेवेत होता. तीस वर्षांच्या युद्धाने खजिना रिता झाला, वादकांचे पगार थकले. श्युट्झ पत्रामागून पत्र लिहीत राहिला. एका खालच्या पट्टीच्या गायकाबद्दल त्याने कळवलं की तो डुकरासारखा खुराड्यात राहतो, अंथरूण नाही, गवतावर झोपतो, अंगरखाही गहाण टाकलाय. 1651 मध्ये, पासष्टीत, त्याने आपल्या आयुष्याची हकीकत लिहून निवृत्ती मागितली. इलेक्टरने ती दिली नाही. 1656 मध्ये इलेक्टर मेला तेव्हा कुठे त्याचं ओझं हलकं झालं. हा माणूस दुसऱ्यांच्या पगारासाठी झगडत होता, आणि व्हायरल मजकुरात त्याचं नावही नाही.

"बीथोवनने दरबार झुगारला आणि व्यवस्था संपली."

बीथोवनचे आजोबा बॉनच्या दरबारात कापेलमाइस्टर होते आणि त्यांचं चित्र त्याने जन्मभर जपलं. 1808 मध्ये कासेलचा राजा जेरोम बोनापार्टने त्याला हेच पद देऊ केलं. त्याने ते थेट धुडकावलं नाही. मार्च 1809 मध्ये आर्चड्यूक रुडोल्फ, लोबकोविट्झ आणि किन्स्की यांनी वर्षाला 4000 गुल्डन देण्याचा करार केला, तेव्हा तो व्हिएन्नात राहिला. यात अभिमान आहे, पण पैसा सरदारांचाच.

व्यवस्था तर पुढे शंभर वर्षं चालली. 1826 मध्ये शूबर्टने व्हिएन्ना दरबारात उप-कापेलमाइस्टरपदासाठी अर्ज केला आणि त्याला ते मिळालं नाही. वाग्नर 1843 मध्ये ड्रेस्डेनचा कापेलमाइस्टर झाला आणि 1849 च्या उठावात सामील होऊन पळाला. कासेलचा कापेलमाइस्टर श्पोर 1851 मध्ये इलेक्टरने रजा नाकारली तरी गेला, तर त्याचा पगार कापला. रिशार्ड श्ट्राउस 1898 मध्ये बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात रुजू झाला. 1918 च्या नोव्हेंबरात राजेच गेले, तेव्हा ही पदंही दरबारी उरली नाहीत. ड्रेस्डेनचा 1548 पासूनचा वाद्यवृंद मात्र आजही वाजतो, राज्याचा म्हणून.