टाळ्या आणि चुटक्या धरून सत्तावीस

एप्रिलची 21 तारीख, म्हणजे अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सची पुण्यतिथी, जवळ आली की त्याच्यावरचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. जांभळ्या पार्श्वभूमीवर त्याचा फोटो आणि खाली मजकूर. थोडक्यात सांगायचं तर असा: 'पहिल्याच अल्बमवर एकट्याने 27 वाद्यं वाजवली. कधी कुणाची मदत घेतली नाही. एरिक क्लॅप्टनला विचारलं, जगातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक असणं कसं वाटतं? तो म्हणाला, प्रिन्सला विचारा. कंपनीच्या गुलामीतून सुटायला त्याने स्वतःचं नाव टाकलं आणि मोकळा झाला. इंटरनेटला आयुष्यात हात लावला नाही. असा एकटा कलाकार पुन्हा होणे नाही.'

यंदा मला तो तीन जणांकडून आला. तिघेही गाण्यातले दर्दी. म्हणून म्हटलं, एकदा एकेक वाक्य हातात घेऊन बघू.

'27 वाद्यं'

आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. एप्रिल 1978 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने प्रिन्सचा पहिला अल्बम काढला, 'फॉर यू'. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. अल्बमच्या वेष्टनावर छापलंय की निर्मिती, संयोजन, रचना आणि वादन सगळं प्रिन्सचं, आणि खाली वाद्यांची लांबलचक यादी. 27 चा आकडा त्या यादीतूनच आला.

पण ती यादी कुणी वाचत नाही. बेसच चार वेगवेगळ्या नावांनी मोजलाय. गिटार दोनदा, एकदा इलेक्ट्रिक आणि एकदा अकूस्टिक. मिनीमूग, पॉलीमूग, आर्पचे दोन आणि ओबरहाईम असे पाच सिंथेसायझर, पाचही वेगळे. बोंगो, काँगा, लाकडी ठोकळे, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या, बोटांत अडकवायच्या इवल्या झांजा. आणि शेवटी, खोटं सांगत नाही, टाळ्या आणि चुटक्या. या हिशेबाने आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा प्रत्येक सभासद किमान पाच वाद्यांचा धनी ठरेल.

टिंगल पुरे, कारण खरी गंमत पुढे आहे. त्या अख्ख्या यादीत फुंकून वाजवायचं एकही वाद्य नाही. गजाने वाजवायचंही नाही. 'स्ट्रिंग एन्सेम्बल' असं नाव दिसतं, पण तो व्हायोलिनांच्या ताफ्याची नक्कल करणारा सिंथेसायझर. गिटार, बेस, ड्रम आणि कळफलक या चारांवर त्याची हुकूमत होती, आणि ती अशी की चारांपैकी कुठल्याही एकावर त्याचं पोट भरलं असतं. तेवढं सांगितलं तरी माणूस थक्क होतो. त्यावर चुटक्यांची भर घालून 27 करायची गरज काय, हे मला कळलेलं नाही.

आणि फुंकायची-गजाची वाद्यं नव्हती म्हणूनच पुढे त्याला माणसं शोधावी लागली. सॅक्सोफोनला एरिक लीड्स आला, ट्रम्पेटला अटलांटा ब्लिस. व्हायोलिन-चेलोच्या ताफ्याचं लेखन 1985 पासून क्लेअर फिशर या जॅझ पियानिस्टकडे गेलं. प्रिन्स त्याला टेप पाठवायचा, फिशर त्यावर ऑर्केस्ट्रा लिहून, ध्वनिमुद्रित करून परत पाठवायचा. वर्षानुवर्षं हे चाललं आणि दोघं एकमेकांना कधी प्रत्यक्ष भेटलेच नाहीत. फिशर 2012 मध्ये गेला.

'कधी कुणाची मदत घेतली नाही'

इथे जरा थांबू, कारण मेसेजमधलं सर्वांत खोटं वाक्य हेच, आणि खऱ्या गोष्टीवर सर्वांत जास्त अन्याय करणारंही हेच.

मिनीआपोलिसचा हा पोरगा. वडील जॉन नेल्सन जॅझ पियानो वाजवायचे, आई मॅटी गायची. आईवडील वेगळे झाल्यावर किशोरवयात तो आंद्रे सायमोन या मित्राच्या घरी राहायला गेला. आंद्रेच्या आईने, बर्नाडेट अँडरसनने, स्वतःची पोरं असताना याला तळघरात जागा दिली, आणि त्याच तळघरात या पोरांच्या बँडच्या तालमी व्हायच्या. पुढे क्रिस मून नावाच्या स्थानिक स्टुडिओवाल्याने सौदा केला: तू माझ्या गाण्यांवर वाजव, मी तुला स्टुडिओ वापरू देतो. त्याने किल्ली दिली आणि प्रिन्स रात्रंदिवस तिथेच पडून राहिला. पहिल्या अल्बममधलं 'सॉफ्ट अँड वेट' हे गाणं प्रिन्स आणि मून या दोघांच्या नावावर आहे. म्हणजे 'सगळं एकट्याचं' म्हणून नावाजलेल्या अल्बममध्येच दुसरा हात दिसतो.

आता 'किस'. 1985 मध्ये प्रिन्सच्या छत्राखाली माझराटी नावाचा बँड होता आणि लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत डेव्हिड झी त्यांचं काम बघत होता. त्यांनी गाणं मागितलं. प्रिन्सने एक कॅसेट दिली: अकूस्टिक गिटार, त्यावर गायलेलं जेमतेम एक कडवं आणि धृवपद. लोकगीतासारखं काहीतरी. डेव्हिड झी रात्रभर बसला. त्याने हाय-हॅटचा, म्हणजे ड्रममधल्या जोडझांजेचा, आवाज गिटारच्या फाटकाला जोडला. फाटक म्हणजे स्टुडिओतलं एक साधं यंत्र: एक आवाज आला की ते उघडतं, थांबला की बंद होतं. हाय-हॅट टिकटिकला की गिटार ऐकू येणार, नाहीतर नाही. त्या तुकड्या-तुकड्यांनी वाजणाऱ्या गिटारीवर गाण्याची चाल उभी राहिली. सकाळी प्रिन्स आला, त्याने ते ऐकलं आणि गाणं परत घेतलं. मग त्याने काय केलं? बेस काढून टाकला. प्रतिध्वनी जवळजवळ पुसला. स्वतः वरच्या पट्टीतल्या खोट्या आवाजात गायला, गिटारचा एक छोटा तुकडा टाकला. माझराटीचे मागचे आवाज मात्र ठेवले. एप्रिल 1986 मध्ये 'किस' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. संयोजन डेव्हिड झीचं, असं श्रेय रेकॉर्डवर दिलं गेलं.

हेडफोन लावून ते गाणं एकदा फक्त त्या गिटारीसाठी ऐका. ती तशी ऐकू येते ती दुसऱ्याच्या जागरणामुळे. पण त्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं हे प्रिन्सनेच ठरवलं. त्याची निर्माता म्हणून ताकद मला इथे दिसते, वाद्यांच्या मोजणीत नाही. 1984 च्या 'व्हेन डव्ज क्राय'मध्येही त्याने बेस वाजवला होता आणि अखेरच्या क्षणी काढून टाकला. नाचायचं गाणं आणि त्यात बेस नाही, हे त्या काळी तेलाशिवाय फोडणी घालण्यासारखं होतं. ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

'पर्पल रेन' तर मैफिलीतलं ध्वनिमुद्रण आहे. 3 ऑगस्ट 1983, मिनीआपोलिसमधला फर्स्ट अव्हेन्यू क्लब, मिनेसोटा डान्स थिएटरच्या मदतीसाठी कार्यक्रम, बाहेर ध्वनिमुद्रणाची गाडी उभी. गिटारवर वेंडी मेल्व्हॉइन, वय 19, बँडबरोबर पहिलाच जाहीर कार्यक्रम. त्या गाण्याच्या सुरुवातीला जी गिटार ऐकून लोकांच्या अंगावर काटा येतो, ती प्रिन्सची नाही, तिची आहे. त्या रात्रीच्या टेपवर नंतर स्टुडिओत तंतुवाद्यं चढवली, एक कडवं कापलं, पण पाया तोच.

आणि सुझन रॉजर्स. 1983 मध्ये ती प्रिन्सकडे यंत्रं दुरुस्त करायला आली आणि त्याची ध्वनिमुद्रक होऊन बसली. त्याच्या टेपा एका जागी गोळा करून ज्याला आज सगळे 'व्हॉल्ट' म्हणतात ती कोठी तिनेच सुरू केली. 1986 मध्ये त्याच्या घरातल्या स्टुडिओत नवा मिक्सिंग कन्सोल, म्हणजे सगळे आवाज एकत्र करायचं यंत्र, बसवला जात होता. प्रिन्सला दम कुठला. कन्सोल नीट तपासायच्या आधीच त्याने 'द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर' घ्यायला घेतलं. आवाज मंद, पांघरुणाखालून आल्यासारखा, वरचे स्वर गायब. सुझनचा जीव टांगणीला, पण गडी थांबेल तर शपथ. काम संपवून तो झोपायला गेला तेव्हा तिने तपासलं, तर वीजपुरवठ्याची एक बाजू मेलेली. प्रिन्सला तो पाण्यात बुडल्यासारखा आवाज आवडला आणि अल्बमवर तोच गेला. तो अल्बम, 'साइन ओ द टाइम्स', हाताशी असेल तर या गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणं लागोपाठ ऐका, फरक लगेच कळतो.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती शोभली असती. स्वतःच निर्मिती करायचा हट्ट 19 व्या वर्षी प्रिन्सने कंपनीकडून मान्य करून घेतला, हे खरंच. कंपनीने वर टॉमी व्हिकारी नावाचा अनुभवी माणूस देखरेखीला बसवला तरी. आणि दुसऱ्यांसाठी तो टोपणनावांनी राबला हेही खरं. द टाइम या बँडच्या पहिल्या अल्बमवर निर्माता म्हणून 'जेमी स्टार' हे नाव आहे. हा जेमी स्टार म्हणजे प्रिन्सच. बँगल्स या बँडचं 'मॅनिक मंडे' त्याने 'ख्रिस्तोफर' नावाने लिहिलं. 1986 मध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिथेच अडकलं, कारण वर 'किस' बसलेलं. स्वतःच्या गाण्याने स्वतःच्या गाण्याची वाट अडवलेली.

'क्लॅप्टन म्हणाला, प्रिन्सला विचारा'

कधी? कुठल्या मुलाखतीत? आजवर कुणी दाखवलेलं नाही. हाच विनोद जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाच्या तोंडी घालून रोरी गॅलघरबद्दल सांगतात, फिल कीगीबद्दलही सांगतात. नावं बदलायची, बाकी साचा तोच. आपल्याकडे गवयांच्या आख्यायिका अशाच या घराण्यातून त्या घराण्यात जातात, फक्त पगडी बदलते.

वाईट याचं वाटतं की क्लॅप्टनने जे स्वतः लिहिलं ते याहून कितीतरी जास्त बोलकं आहे. प्रिन्स गेल्यावर त्याने फेसबुकवर लिहिलं की ऐंशीच्या दशकात दौऱ्यावर असताना तो दारू आणि ड्रग्जमध्ये खोल गेला होता. कॅनडात एका थिएटरात त्याने 'पर्पल रेन' हा चित्रपट पाहिला. हा माणूस कोण हेही त्याला माहीत नव्हतं. वीज कोसळावी तसं झालं. हॉटेलवर परतून बिअरच्या रिकाम्या डब्यांच्या गराड्यात बसून त्याने एक गाणं लिहिलं. हे खरं असताना तो उसना किस्सा कशाला पाहिजे?

'नाव टाकलं आणि मोकळा झाला'

नाव टाकलं, मोकळा झाला नाही. 7 जून 1993 ला, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याने उच्चारता न येणारं चिन्ह नाव म्हणून घेतलं. छापखान्यांना ते चिन्ह छापता यावं म्हणून वर्तमानपत्रांना फ्लॉपी पाठवल्या गेल्या. भांडण वॉर्नरशी होतं: याला भराभर अल्बम काढायचे होते, त्यांना बाजाराचं गणित बघून सावकाश. पण करार माणसाशी असतो, पाटीशी नाही. चिन्ह घेतल्यावरही तो वॉर्नरला अल्बम देतच होता. 1994 चा 'कम' तर जुन्या नावानेच आला, मुखपृष्ठावर 'प्रिन्स 1958–1993' असं, थडग्यावर लिहितात तसं. गालावर 'गुलाम' लिहून तो मंचावर यायचा तो याच काळात, म्हणजे नाव बदलल्यानंतर. सुटका झाली 1996 मध्ये, आणि त्याच नोव्हेंबरात त्याने बरोबर एकेक तासाच्या तीन सीडींचा 'इमॅन्सिपेशन' काढला. 2000 मध्ये जुनं नाव परत घेतलं. 2014 मध्ये पुन्हा वॉर्नरशीच करार केला आणि जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी मिळवली.

'इंटरनेटला हात लावला नाही'

इंटरनेट संपलंय, असं तो 2010 मध्ये म्हणाला, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याआधी 1998 च्या 'क्रिस्टल बॉल' या अल्बमसाठी त्याने इंटरनेट आणि फोनवरून आगाऊ मागणी घेतली होती आणि 2001 मध्ये वर्गणी घेऊन गाणी देणारा स्वतःचा ऑनलाइन क्लब काढला होता. 2006 मध्ये त्याला इंटरनेटसाठीच्या वेबी पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला. पुढे.

'असा एकटा कलाकार'

मार्च 1985. ऑस्करचा सोहळा. 'पर्पल रेन'ला मूळ गीतसंगीताचा पुरस्कार जाहीर होतो. प्रिन्स उठतो, डोक्यावरून जांभळी चमकती ओढणीवजा टोपी, चालताना सगळ्या सभागृहाच्या नजरा त्याच्यावर. मंचावर तो पोचतो तेव्हा त्याच्या दोन बाजूंना वेंडी आणि त्याच्याच बँडमधली लिसा उभ्या असतात.